अलंकार कोणते काम करतात?

प्रस्तावना

'पुढील ओळींतील अलंकार ओळखा' हा प्रश्न शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. ओळीत 'सारखा' किंवा 'समान' दिसले की उपमा, 'जणू' किंवा 'गमे' दिसले की उत्प्रेक्षा, शेवटची अक्षरे जुळली की यमक. उत्तर लिहून होते, गुण मिळतात आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण कवीने त्या जागी 'सारखा' न म्हणता 'जणू' का म्हटले, आणि तसे म्हटल्याने वाचणाऱ्याच्या मनात कोणता फरक पडला, हा खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. तोच प्रश्न या पुस्तकात प्रत्येक प्रकरणात विचारला आहे. साधे वाक्य आधी तयार करायचे आणि मग शोभेसाठी त्यावर अलंकार चढवायचा, अशी लिहिण्याची रीत कोणत्याही चांगल्या लेखकाची नसते. अलंकार हा विचार करण्याचाच एक मार्ग आहे. प्रत्येक अलंकार नेमून दिलेले एक काम करतो आणि तो काढून घेतला, तर ते काम अडते. हे म्हणणे मी या प्रस्तावनेत उदाहरणांनी पटवून देणार आहे आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांनाही उत्तर देणार आहे.

अलंकार म्हणजे दागिना ही कल्पना जुनी आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हार आणि अलंकार यांची तुलना केली आणि तीच पुढे पाठ्यपुस्तकांत रुजली. पण याच परंपरेत त्याबद्दल एकमत कधीच नव्हते, हे विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही. वामनाने सौंदर्य हाच अलंकार मानला. भामहाच्या मते, नेहमीच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या वळणाने सांगणे, म्हणजे वक्रोक्ती, हे प्रत्येक अलंकाराच्या मुळाशी असते. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त बजावले की, अलंकार रसाला उपकारक ठरत असेल तरच त्याला काव्यात स्थान आहे. दुसरीकडे अलंकारांची संख्या वाढतच गेली. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत येता येता ते शंभराहून अधिक झाले. इतकी नावे पाठ करणे हेच ध्येय मानले, तर हा विषय रूक्ष वाटणारच. पण ही नावे कशासाठी पडली, ते पाहा. शास्त्रकारांना दोन वाक्यांच्या परिणामात सूक्ष्म फरक जाणवत होता आणि तो फरक हरवू नये म्हणून ते त्याला नाव देत होते. आधी परिणाम जाणवला, नाव मागाहून आले. आपण शिकताना हा क्रम उलटा केला आणि तिथेच घोटाळा झाला.

हा फरक जवळून पाहण्यासाठी एकच वस्तू घेऊ. मे महिन्यातले, पावसाची वाट पाहणारे शेत. 'उन्हाने भेगाळलेले शेत आजीच्या टाचेसारखे दिसत होते' ही उपमा झाली. शेत हे उपमेय, टाच हे उपमान, भेगा हा दोघांतला साधारण धर्म आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. इथे लेखक दोन वस्तू शेजारी ठेवतो, पण त्यांच्यातले अंतर राखतो. शेत शेतच राहते आणि टाच टाचच. आता 'ते शेत म्हणजे जणू आजीची टाचच' असे म्हणून पाहा. ही उत्प्रेक्षा. अंतर कमी झाले. 'क्षणभर असे समजून पाहा' असे लेखक सुचवतो आणि ही कल्पना आहे हेही 'जणू'ने कबूल करतो. पुढची पायरी रूपकाची : 'शेत ही आजीची टाच, पावसाचे तेल मुरल्याशिवाय ती भरून यायची नाही.' आता अंतर उरलेच नाही आणि त्यामुळे एक नवी गोष्ट घडली. शेत टाच झाल्याबरोबर पाऊस तेल झाला, भेग ही जखम झाली, आणि जन्मभर राबलेल्या बाईचे थकलेपण जमिनीला आले. उपमेने एक साम्य दाखवले होते. रूपकाने एका साम्यातून साम्यांचे अख्खे कुटुंब उभे केले. आणि 'हे शेत नव्हे, ही तर आजीची टाच' असे म्हटले की ती अपन्हुती. इथे लेखक समोरच्या वस्तूचे असणेच नाकारतो. एवढा मोठा दावा वाचकाने मान्य करावा, अशी त्याच्या मनाची तयारी आधीच्या वाक्यांनी केलेली असावी लागते. नाहीतर तो दावा पोकळ वाटतो.

याच शेतावर आणखी दोन अलंकार लावून पाहू. 'आजीच्या टाचेला रात्री तेल तरी मिळते, या शेताला तेही नाही' हा व्यतिरेक. इथे तुलना केली आहे, पण उपमेय उपमानाच्याही पुढे गेले हे सांगण्यासाठी. शेताचे दुःख वरचढ ठरले आणि वाक्यात तक्रारीचा सूर आला, जो उपमेत नव्हता. 'या शेतासारखे कोरडे हेच शेत' असे म्हटले की अनन्वय होतो. तुलनेसाठी दुसरे काही सापडलेच नाही, अशी ही कबुली आहे. आता भ्रांतिमान करून पाहा : आजीची टाच समजून कोणीतरी शेतावर तेल ओतू लागले. हे वाक्य जमत नाही, ते हास्यास्पद होते. शेत पाहून टाचेचा भ्रम कोणालाच होत नसतो. अंधारात दोरी पाहून सापाचा मात्र होतो. म्हणजे कोणताही अलंकार कुठेही चालतो असे नाही. विषयाचा स्वभाव, बोलणाऱ्याची मनःस्थिती आणि सांगायची गोष्ट या तिन्हींना जो शोभेल तोच अलंकार तिथे टिकतो. क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चे'त औचित्यावर सगळा भर दिला, त्यातले मर्म हेच आहे. वस्तू तीच, अनन्वय सोडला तर उपमानही तेच. तरी प्रत्येक वेळी वाक्याने वेगळे काही सांगितले. अलंकार नुसती शोभा असता, तर सांगण्यात काहीच फरक पडला नसता.

कोणी म्हणेल, एका वाक्यात हे ठीक आहे. पण मोठ्या, गंभीर विचाराला अलंकाराची काय गरज? याचे उत्तर मराठीच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत मिळते. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचा प्रारंभ गणेशाच्या वर्णनाने होतो आणि ते वर्णन हे एक दीर्घ, सर्वांगीण रूपक आहे. सगळे वाङ्मय हा गणेशाचा देह. सहा दर्शने हे त्याचे सहा हात आणि प्रत्येक हातात वेगळे आयुध : तर्क हा परशू, नीती हा अंकुश, वेदान्त हा मोदक. मोडलेला दात म्हणजे वार्तिककारांनी खंडन केलेले बौद्ध मत. या रूपकाने नेमके काय साधले, ते पाहा. सहा दर्शने एकमेकांशी वाद घालतात, एकाचे म्हणणे दुसऱ्याला पटत नाही, हे ज्ञानेश्वर लपवत नाहीत. हातांतली आयुधे वेगवेगळी आहेत ती त्यासाठीच. पण हात वेगळे असले तरी देह एक असतो. विरोध मान्य करूनही त्याच्या तळाशी एकता आहे, हा तत्त्वज्ञानातला अवघड सिद्धान्त त्यांनी लांबलचक युक्तिवादाऐवजी एका शरीराच्या रचनेतून सांगितला. हे रूपक काढून टाका; उरेल ते एवढेच, की 'दर्शने भिन्न असूनही त्यांत ऐक्य आहे'. हे विधान ऐकणारा मान डोलावेल आणि विसरून जाईल. सहा हातांची मूर्ती ज्याने मनात पाहिली, त्याला ते ऐक्य प्रत्यक्ष दिसलेले असते. इथे रूपक हाच युक्तिवाद आहे.

आतापर्यंतची उदाहरणे अर्थालंकारांची झाली. शब्दालंकारांकडे अनेक जण केवळ नादाचा खेळ म्हणून पाहतात, पण त्यांचे काम तितकेच ठोस आहे. पहिले काम स्मरणाचे. 'नाव मोठे, लक्षण खोटे', 'दाम करी काम', 'कामापुरता मामा' या म्हणी कोणी पाठ केलेल्या नसतात. तरी त्या शेकडो वर्षे तोंडी टिकल्या, कारण एका शब्दाचा नाद पुढच्या शब्दाची आठवण करून देतो. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते आणि चौथा चरण आखूड व मोकळा असतो. तीनदा जुळलेला नाद ऐकणाऱ्याला धरून ठेवतो आणि चौथ्या चरणावर अर्थ येऊन थांबतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या गाणाऱ्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही एवढा ठेवा जपला गेला तो जात्याच्या लयीच्या आणि जुळणाऱ्या अक्षरांच्या आधाराने. शब्दालंकाराचे दुसरे काम आहे नादातून अर्थ जाणवून देण्याचे. 'खडीवरून खडखडत खटारा खिंडीत चढला' हे वाक्य मोठ्याने वाचा. 'ओल्या वाळूवर लाट अलगद लवली' हेही वाचा. पहिल्यात जीभ अडखळते, दुसऱ्यात घसरते. खटारा आणि लाट यांच्या हालचाली वाचणाऱ्याने जणू स्वतःच्या तोंडात अनुभवल्या. अनुप्रास ओळखून झाल्यावर विचारायचे ते हे, की या अक्षराची पुनरावृत्ती इथे कोणत्या हालचालीला साथ देते आहे.

अर्थात ही साथ नेहमीच मिळते असे नाही आणि पहिला मोठा आक्षेप तिथूनच येतो. तो म्हणतो, अलंकारांच्या हव्यासाने कविता कृत्रिम होते. साधे बोलणेच खरे. यमकांच्या आवडीमुळे वामन पंडितांना 'यमक्या वामन' असे नाव पडले. मोरोपंतांनी (1729–1794) 'निरोष्ठ रामायण' रचले. ओठ जुळवून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे टाळून सांगितलेली रामकथा! 'राम' या नावातच म आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कसरतीची अवघड जागा कळते. भाषेवरचे असे प्रभुत्व थक्क करणारे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रामाची कथा त्यामुळे अधिक जवळची झाली का, असे विचारले तर हो म्हणणे कठीण आहे. आक्षेपातला हा भाग मला पूर्ण मान्य आहे : काम न करणारा अलंकार हे ओझेच. मम्मटानेही काव्याची व्याख्या करताना क्वचित अलंकार नसला तरी चालेल अशी मोकळीक ठेवली आहे. मात्र 'साधे म्हणजे अलंकाराविना' हा आक्षेपातला दुसरा भाग टिकत नाही. भूक लागलेला माणूस 'पोटात कावळे ओरडताहेत' म्हणतो, शेतकरी 'पावसाने डोळे वटारले' म्हणतो, आणि आई काम बिघडवून ठेवलेल्या मुलाला 'मोठा शहाणाच आहेस' म्हणते, तेव्हा तिच्या तोंडी व्याजस्तुती असते. बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांच्या गाण्यांत मात्र शेत, घरटे, विहीर यांच्या उपमा-दृष्टान्तांतून संसाराचे तत्त्वज्ञान उलगडते. अलंकार ही पंडितांची मिरास नाही. शिवाय साधेपणातही निवड असतेच. 'म्हैस डबक्यातून बाहेर आली, शेपटीने पाठीवरची माशी उडवली आणि पुन्हा पाण्यात बसली' या वाक्यात तुलना नाही, कल्पना नाही. तरी आपली परंपरा याला स्वभावोक्ती म्हणते आणि अलंकारांत गणते. कारण शंभर तपशिलांतून माशी उडवणारी शेपटी तेवढी निवडायला नजर लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अलंकार फसवतात. अतिशयोक्ती खोटे सांगते, रूपक एका वस्तूला दुसरीच म्हणते आणि जाहिराती व भाषणे याच साधनांनी माणसांना भुलवतात. हा आक्षेप खरा आहे आणि नेमका त्याच कारणासाठी हा विषय शाळेत शिकवला पाहिजे. 'महागाईचा राक्षस' हे रूपक आपण रोज ऐकतो. ते भीती दाखवते, पण आणखीही एक गोष्ट करते : राक्षस स्वतःच्या मर्जीने येतो, त्याला कोणी आणलेले नसते, म्हणून महागाई कोणत्या निर्णयांमुळे वाढली हा प्रश्नच ऐकणाऱ्याच्या मनात येत नाही. 'संकटाची लाट' म्हटले की संकट निसर्गाच्या खात्यात जमा होते. 'बाजार घाबरला' ही बातमीतली चेतनगुणोक्ती वाचताना, घाबरणारी आणि शेअर विकणारी माणसे नजरेआड होतात. आता बालकवींची 'फुलराणी' आठवा. तिथेही चेतनगुणोक्तीच आहे. हिरवळीतल्या कळीला मानवी भावना मिळाल्या आणि सूर्याच्या किरणाशी तिचे लग्न ठरले. पण तिथे ज्या लहानशा गोष्टीकडे आपण पाहिलेच नसते, तिच्याकडे कवीने आपले लक्ष वळवले. बातमीतल्या वाक्याने पाहण्याजोग्या गोष्टीवरून लक्ष काढून घेतले. साधन एकच, वापर उलट. म्हणून प्रत्येक अलंकारापुढे दोन प्रश्न ठेवावेत : याने मला काय दाखवले, आणि काय झाकले? हे प्रश्न विचारण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला लागली, तो उद्या जाहिरात, भाषण आणि बातमी डोळे उघडे ठेवून वाचेल. व्याकरणाच्या तासाला यापेक्षा मोठे फळ ते कोणते?

तिसरा आक्षेप रसिकांचा असतो : कवितेची अशी चिरफाड केली की तिचा आनंद जातो. नुसती लेबले चिकटवली तर तो जातोच, हे खरे. परंतु परिणामाचे कारण शोधणे म्हणजे लेबल चिकटवणे नव्हे. त्यासाठी या पुस्तकात सर्वत्र एक साधी कसोटी वापरली आहे. ओळीतला अलंकार काढा, तोच आशय सरळ शब्दांत लिहा आणि दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचा. काय हरवले, ते स्वतःच्या शब्दांत सांगा. काहीच हरवले नसेल, तर तो अलंकार फुकाचा होता, असे म्हणायला कचरू नका. मग कवी कितीही मोठा असो. काही हरवले असेल, तर जे हरवले तेच त्या अलंकाराचे काम. ही कसोटी लावण्यासाठी ओळ पुनःपुन्हा वाचावी लागते, शब्द बदलून पाहावे लागतात, आणि अशा वाचनाने आस्वाद कमी होत नाही. राग ओळखता येणाऱ्या श्रोत्याचा गाण्यातला आनंद काही उणा होत नाही.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. ही सगळी चौकट संस्कृत काव्यासाठी बनली. मर्ढेकर, नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ यांची कविता वाचायला तिचा काय उपयोग? मर्ढेकरांनी (1909–1956) पिंपात मरून पडलेल्या उंदरांतून यंत्रयुगातल्या माणसाची अवस्था उभी केली; सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ' (1966) मध्ये कामगारांचे जग आणि ढसाळांच्या 'गोलपिठा'त (1972) मुंबईच्या कामाठीपुऱ्यातले जग कवितेत आले. चंद्र, कमळ आणि हंस यांच्या जागी गिरणी, रस्ता आणि उकिरडा आला. बदलली ती उपमाने. एका वस्तूतून दुसरी पाहण्याची क्रिया बदलली नाही. उलट, सुंदर वस्तूची तुलना सुंदर वस्तूशीच करायची हा जुना संकेत या कवींनी जाणूनबुजून मोडला. तो संकेत ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो मोडण्यातली ताकद पूर्ण कळते. मात्र चौकटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आधुनिक कवितेतली प्रतिमा पुष्कळदा आपले उपमेय सांगतच नाही. ते उंदीर नेमके कोणाचे उपमान, याचे एकच एक उत्तर देता येत नाही. प्रतीकाला जवळचा असा आपल्याकडचा अलंकार म्हणजे अन्योक्ती, पण अन्योक्तीत रोख कोणावर आहे ते चाणाक्ष वाचकाला ठरवता येते. प्रतीक मात्र अनेक अर्थांना मोकळे असते. म्हणून प्रतिमा आणि प्रतीक यांना पुस्तकाच्या शेवटी स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत आणि जुन्या नावांत त्यांना कोंबण्याचा अट्टहास केलेला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत नावे आणि लक्षणे विचारली जातील आणि ती तुम्हाला यायलाच हवीत. नाव माहीत असले की फरक नेमकेपणाने सांगता येतो, वर्गात त्यावर चर्चा करता येते. पण नावापाशी थांबू नका. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या स्वाध्यायात आधी ओळीचा तुमच्यावर झालेला परिणाम लिहा, मग तो कोणत्या शब्दामुळे झाला ते शोधा, आणि अलंकाराचे नाव सर्वांत शेवटी लिहा. दिलेल्या उदाहरणांवर समाधान मानू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे, बाजारातली आरोळी, वर्तमानपत्रातला मथळा, क्रिकेटचे समालोचन यांतून रोज एक तरी अलंकार वहीत टिपा आणि त्याने काय दाखवले, काय झाकले ते शेजारी लिहा. शिक्षकांना विनंती एवढीच, की विद्यार्थ्याने नाव चुकवले पण परिणाम बरोबर सांगितला, तर त्याला शाबासकी द्यावी. नाव पुढच्या आठवड्यातही शिकवता येईल. वाक्य नीट ऐकणारा कान मात्र शाळेच्या याच वर्षांत तयार होतो.